मागच्या दाराशी उभी गाडी

मामा : हळू बोला, सिस्टर. आत ती जागी होईल.

सिस्टर : होऊ द्या की. बाळंतीण आहे, आजारी नाही. जागी झाली की आधी बाळ मागेल, आणि मी ते तिच्या कुशीत देईन. माझं काम तेवढंच.

मामा : तेच तर मघापासून सांगतोय. ती मागेल तेव्हा तुम्ही फक्त एक वाक्य बोलायचं. बाळ पोटातच गेलं होतं. बस. पुढचं सगळं माझ्यावर सोडा.

सिस्टर : आणि हा कोण मग? माझ्या हातावर जांभया देतोय तो?

मामा : त्याची सोय लावली आहे. चांगलं घर आहे, दूरच्या गावचं. मूलबाळ नाही त्यांना. लाडाकोडात वाढेल. मागच्या दाराशी गाडी उभी आहे, गाडीत एक बाई आहे न्यायला आलेली. सगळं सुरळीत होईल, फक्त तुमचं मन मोठं हवं.

सिस्टर : ताई, तुम्ही बोला ना काहीतरी. ठकी तुमची मुलगी. केव्हापासून तुमचे भाऊ एकटेच बोलतायत आणि तुम्ही भिंतीकडे बघत बसलात.

आई : मी काय बोलू? दादा म्हणतो तेच. हे गेल्यापासून आम्ही मायलेकी त्याच्याच घरात आहोत. तो म्हणतो, लग्नाआधीचं मूल घरात आलं तर...

मामा : मी काहीही म्हणत नाही, लोक म्हणतील. सिस्टर, पोरीला स्थळ चालून आलंय. सगळं आयुष्य पडलंय तिच्यापुढे. एका चुकीपायी ते नासवायचं का?

सिस्टर : डॉक्टर संध्याकाळी येतील. त्यांना काय सांगायचं?

मामा : त्यांच्याशी बोलणं झालंय. ते म्हणाले, सिस्टरांची हरकत नसेल तर मी काही विचारणार नाही.

सिस्टर : म्हणजे त्यांनी हात झटकले. मग तुम्हीच सांगा की भाचीला. माझं तोंड कशाला हवंय?

मामा : कारण ती माझ्यावर विश्वास ठेवणार नाही. तुमच्यावर ठेवेल. एवढीशी होती तेव्हापासून चर्चच्या संडे स्कूलला तुमच्यापुढे बसली आहे. तुम्ही म्हणालात, दिवसा चांदणं पडलंय, तर ती अंगणात जाऊन बसेल.

सिस्टर : तिनं त्याचं रडणं ऐकलंय.

मामा : गुंगीत होती.

सिस्टर : गुंगीत होती, बहिरी नव्हती. टाके घालताना तिनं मला विचारलं, "रडतोय का?" मी म्हटलं, "रडतोय, घर डोक्यावर घेतलंय पठ्ठ्यानं." मग हसली आणि झोपली.

मामा : सांगा, भास झाला असेल. बायकांना होतात असे भास... बरं, ते राहू दे. मिस्टर कसे आहेत तुमचे?

सिस्टर : आहेत तसेच. का?

मामा : काही नाही. सकाळी डोकावलो होतो तुमच्याकडे. म्हटलं, आपल्या चर्चच्या मंडळीतला माणूस, अंथरुणाला खिळलाय, समाचार घ्यावा. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांना उठून कडी लावता येत नाही, नाही का? दिवसभर एकटेच. कुणीही आत शिरावं अशी गत. त्यांनी पाणी मागितलं, मी पाजलं. मग दोघांनी मिळून प्रार्थना केली. फार बरं वाटलं त्यांना.

सिस्टर : तुम्ही माझ्या घरात गेला होतात.

मामा : आपुलकीनं हो.

सिस्टर : ताई, जरा धरा याला. मान सांभाळा, अशी. मी एक फोन करते. ... हॅलो, वहिनी? मी बोलतेय, शेजारची. एक काम होतं. आमच्याकडे जाऊन बसता का, मी येईपर्यंत? नाही, बरे आहेत ते. नुसतं बसायचं. भावजींनाही बरोबर न्या. आणि आतून कडी लावून घ्या. कुणीही आलं तरी. हो, मंडळीतलं कुणी आलं तरी. ... ठेवते.

मामा : काय हे, सिस्टर! मी काय चोर-दरोडेखोर आहे? मी सहज बोललो.

सिस्टर : मीही सहज फोन केला.

मामा : तापू नका. चला, असं करू या. तिघं मिळून हात जोडू. प्रभूपुढे ठेवू सगळं. तो मार्ग दाखवेल तसं करू. डोळे मिटा... हे प्रेमळ स्वर्गीय पित्या...

सिस्टर : थांबा.

मामा : काय झालं?

सिस्टर : या कामासाठी त्याचं नाव तोंडात घेऊ नका. निदान माझ्यासमोर नको. मला भीती वाटते.

मामा : प्रार्थनेची भीती?

सिस्टर : ज्याला हाक मारताय त्याची. त्यानं खरंच ऐकलं तर? खरंच इथं येऊन उभा राहिला तर? तुम्ही डोळे मिटून बोलत राहाल, आणि तो या पोराकडे बघत असेल.

मामा : हीच तुमची गल्लत होते, सिस्टर. इतकी वर्षं देवळात बसून तुम्ही अजून भिण्यातच आहात. देव प्रेम आहे. बाप आहे तो आपला. चुकलो, पडलो, तरी पोटाशी धरतो. म्हणून तर आपण तारलेले. बापाला कुणी भितं का?

सिस्टर : मी भ्यायची माझ्या बापाला. त्यानं कधी बोट लावलं नाही मला. मोठा आवाजसुद्धा नाही. तरी भ्यायची. शाळेत काही वाकडं केलं तर घरी जाताना पाय उचलायचे नाहीत. मार बसेल म्हणून नव्हे. तो माझ्याकडे बघेल, आणि त्याचा चेहरा उतरेल, म्हणून. तुम्हाला नाही वाटली अशी भीती कधी?

मामा : मी लहान मूल नाही.

सिस्टर : मग कठीण आहे. ताई, तुम्हाला एक सांगते. माझी उमर गेली या खोलीत. किती बाळं आली, मोजलीही नाहीत. पण अजून, बाळ बाहेर येतं आणि रडायच्या आधी एक क्षण गप्प असतं ना, तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. आपण दोघी-तिघी असतो, दार बंद असतं, तरी कुणीतरी आत आल्यासारखं होतं. वाटतं, चपला काढून उभं राहावं. मग ते श्वास घेतं, रडतं, आणि मी पुन्हा बादल्या, बोळे, चादरी यांच्या मागे लागते. पण घरी जाऊन मला खोटं बोलता येत नाही. कुणाच्या वस्तूला हात लावता येत नाही. नवऱ्याचं अंथरूण दिवसातून कितीदा बदलावं लागतं, वैताग येतो, तोंडावर शिवी येते, ती गिळते. चांगली बाई आहे म्हणून नाही हो. ज्यानं त्या खोलीत श्वास दिला, तो माझ्या स्वयंपाकघरातही असतो, म्हणून.

मामा : भाषण छान झालं. रविवारी मी तुम्हाला दहा मिनिटं देतो मंडळीपुढे. आणि तू, बाळ दे इकडे.

आई : दादा, थांब जरा. गाडीतल्या बाईचं नाव काय?

मामा : तुला काय करायचंय नाव?

आई : नाही, सहज. नातू आहे माझा. कुणाच्या हातात जातोय ते...

मामा : चांगल्या घरची आहे, म्हटलं ना.

सिस्टर : ताई, मघाशी मी चादरी टाकायला मागे गेले होते. गाडीही बघितली.

मामा : सिस्टर.

सिस्टर : गाडीत बाई नाही. तुमचा ड्रायव्हर एकटाच बसलाय. मी विचारलं, "बाळाला घ्यायला कोण आलंय?" तो म्हणाला, "कुणी नाही, साहेब स्वतःच येणार आहेत." दुधाची बाटली नाही, दुपटं नाही, टोपडं नाही. मागच्या सीटवर एक पिशवी आहे. चेनची. रिकामी.

आई : पिशवी?

मामा : ती बाई वाटेत बसणार आहे. आणि पिशवी म्हणजे... लोकांच्या नजरेला पडू नये म्हणून. दारापासून गाडीपर्यंतच. तुम्ही काय समजलात?

आई : दादा, चेनच्या पिशवीत?

मामा : तुझा माझ्यावर विश्वास नाही? कुणी सांभाळलं तुम्हाला? कुणाच्या ताटात जेवलीस इतकी वर्षं? घराण्याचं नाव मातीत जायची वेळ आली, आणि तू त्या बाळाची मान धरून मला उलट विचारतेस?

आई : घराण्याचं नाव म्हणू नकोस. तुझ्या मुलाचं नाव म्हण.

मामा : काय?

आई : ठकीनं सांगितलं मला. पहाटे, कळा यायला लागल्या तेव्हा. इतके महिने मी तिला मारलं, झोडलं, कोण ते सांग म्हणून. ओठ शिवून बसली होती. आम्ही तुझ्या घरात राहतो म्हणून. तुला आधीपासून माहीत होतं, दादा. हो ना? म्हणून तू मला कधी विचारलंच नाहीस, कोण ते.

मामा : बघ... त्याचं लग्न ठरलंय. एवढी मोठी नोकरी. पोरगा वाईट नाही माझा. एकदा पाय घसरला. देव त्याला क्षमा करेल, मी रोज गुडघे टेकतो त्याच्यासाठी.

आई : ठकीसाठी टेकलेस?

मामा : घरातलं घरात मिटेल. तू फक्त ते बाळ दे.

आई : नाही.

मामा : दे म्हणतो ना!

आई : हात लावू नकोस त्याला. सिस्टर, दार उघडा आतलं. मी ठकीकडे नेते याला. तिचं आहे, तिला देते.

(आई बाळाला घेऊन आत जाते. दार लागतं.)

मामा : हे तू केलंस, बाई.

सिस्टर : मी नुसती गाडी बघून आले.

मामा : उद्यापासून या दवाखान्यात तू नसशील. डॉक्टर माझ्या शब्दाबाहेर नाही. दुसरीकडेही कुणी उभं करणार नाही तुला, तेवढं मी बघेन. त्या दोघी आज माझ्या घरात यायच्या नाहीत. आणि तुझ्या घराला आतून कडी लावायला शेजारी रोज नसतील. माझी भीती नाही वाटत तुला?

सिस्टर : वाटते. हे बघा, हात कसे कापतायत. तुम्ही बोलता तसं करणारे आहात, मला माहीत आहे.

मामा : मग?

सिस्टर : मग काय. तुमच्याकडे पाठ तरी फिरवता येते. त्याच्याकडे पाठ फिरवून कुठं तोंड करू?

मामा : रविवारी मी पुढे उभा राहून शास्त्र वाचीन. सगळी मंडळी मान खाली घालून ऐकेल. तुझं कोण ऐकणार आहे?

सिस्टर : कुणी नाही. मी मागे बसेन नेहमीसारखी. पण मी तुमच्यासाठी एक मागेन. तुम्ही ते पान उघडाल ना, तेव्हा तुमचे हात कापू देत.

मामा : शाप देतेस मला?

सिस्टर : नाही हो. शाप द्यायचा असता तर म्हटलं असतं, तुम्हाला काहीच वाटू नये.

मामा : (दाराच्या चौकटीला हात टेकतो.)

सिस्टर : बसा वाटलं तर. तुमचा चेहरा बरा दिसत नाही. पाणी देऊ?

मामा : नको. मी जातो. गाडी मात्र इथंच राहील. सांग त्यांना.

सिस्टर : सांभाळून उतरा, पायरी ओली आहे.

आई : (बाहेर येत) सिस्टर, गेला दादा?

सिस्टर : गेले. गाडी आहे. ठकी?

आई : जागी आहे. त्याला छातीशी घेऊन बसलीय. नुसती बघते त्याच्याकडे, मग माझ्याकडे. मी तिचे पाय धरले, सिस्टर. आईनं पोरीचे पाय. तिनं मला वर ओढलं.

सिस्टर : प्यायला का तो?

आई : पितोय. दादा परत येईल.

सिस्टर : येतील. एकटे येणार नाहीत. डॉक्टर येतील आधी, त्यांना मी तोंडावर सांगेन, बाळ जिवंत आहे, आता तुम्ही काय ते ठरवा. तुम्ही आत होतात तेव्हा चर्चच्या पाळकांनाही फोन करून बोलावलंय. घाबरट आहेत, पण येतो म्हणालेत.

आई : आणि त्यांनीही हात झटकले तर?

सिस्टर : तर आपण दोघी आहोत.

आई : मला कळत नाही आता कुठं जायचं. एक पातळसुद्धा नाही बरोबर.

सिस्टर : आज कुठंच जायचं नाही. आजची ड्यूटी अजून माझीच आहे.

आई : अंधारून आलं. आत दिवा लावू का? गाडीतून दिसेल.

सिस्टर : दिसू दे. लावा.