गौराबाईचा पतंग

"वाऱ्याला पाठ दे गं पोरी!" लहानपणी ऐकलेला आज्याचा आवाज सुरभीला आठवला, तो कर्जतच्या दवाखान्यात. शेजारच्या बाकावर लुळा हात मांडीवर ठेवून एक आजोबा बसले होते, आणि सोबतच्या त्यांच्या बायकोच्या, त्या आजीच्या, पिशवीतून पतंग डोकावत होता.

"ह्यो कुणाला गं गौरा? घरात ना पोर ना बाळ."

"मला. मी शिकनार हाय."

"तू? डोकं फिरलं का काय?"

"जल्मभर तुमची फिरकी धरली, उडवायचं ऱ्हायलंच. सांगा, पतंग घेऊन पळायचं ना?"

"पळतीस कशाला? जाग्यावर उभं ऱ्हायचं. दोरीला हलके हलके झटके द्यायचे."

"आन् गिरक्या घ्याया लागला की जोरात खेचायचा."

"अगं नाय! ढील द्यायची. सोडायचा त्याला."

"सोडला तर जाईल ना वो!"

"जात नाय गं."

"मला नाय समजत. अंगनात येऊन दावा."

"या हातानं?"

"तोंडानं सांगा की!"

"मला काय कळंना झालंय. या वयात तुला पतंग कशाला?"

आजीनं पतंग पिशवीत खाली सारला. मग हळूच म्हणाली,

"मला नको वो पतंग. हात गेला तवापास्नं ह्यो दवाखाना सोडला तर तुमी दाराभायेर नाय आले, येकदा वर नाय बघितलं. मला भ्या वाटतं."