मोडायची काडी

लेक : थांब! आधी उशी धर छातीशी. घट्ट. हं, आता खोक.

आई : नुसता घसा खवखवला, तर केवढा गोंधळ! झालं, खोकले. हाड वाजलं नाही. खूश?

लेक : चेष्टा पुरे. खोकताना छातीचं हाड कट् वाजलं तर असाल तशा निघून या, असं डॉक्टरांनी बजावलंय. ऑपरेशनला कापून पुन्हा जोडलंय ते. अजून नुसतं तारेवर धरलंय.

आई : माहितीये गं. छाती माझीच आहे.

लेक : आणि असं असताना तुला पतंग उडवायचाय!

आई : वारा पडलेला असताना. वारा नाही म्हणजे ओढ नाही, ओढ नाही म्हणजे छातीला त्रास नाही. या खोलीत बसून बसून वेड लागायची पाळी आलीय मला. आयुष्यभर मैदानावर दोन दोऱ्यांच्या कापडी पतंगाला कोलांट्या मारायला लावणारी बाई, आणि आता काय, तर खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे बघतेय.

लेक : वारा नसला की तुझा तो जड पतंग खाली बसतो. मग त्याला वर ठेवायला तू दोऱ्या ओढत उलटी पळत सुटतेस. पळायचं नाहीये तुला!

आई : म्हणून तर तुला हलक्या काड्या घालायला बसवलंय. तू नाही म्हणालीस तर जुनाच घेऊन एकटी जाईन, हे सांगून ठेवलंय मी.

लेक : म्हणून तर बसलेय ना झक मारत! घे, बघ. पुढच्या दोन्ही कडांच्या जाड नळ्या काढून बारीक घातल्या. मधला कणाही बारीक. शेपटीकडचं वजन काढून टाकलं.

आई : अगंबाई! हातात काही आहे असं वाटतच नाही. फुंकर मारली तर उडेल हा. छान जमलंय की! पण ही खालची आडवी काडी? ही विणायच्या सुईपेक्षाही बारीक आहे.

लेक : असू दे.

आई : असू दे कसं? सगळी ओढ हिच्यावर येते. जरा वारा आला की पहिली हीच मोडेल.

लेक : नाही मोडत.

आई : अगं, मी काय आज पतंग बघतेय का?

लेक : आई, तू उडव. जोडायचं माझ्यावर सोड. एकदा तरी.

आई : बरं बाई, राहिलं. जा, अंघोळ करून घे. घामाने निथळतेयस नुसती. घाबरायचं मी, तर घाबरतेय ही.

(थोड्या वेळाने, मोकळ्या मैदानावर.)

आई : बघितलंस? पाऊलसुद्धा मागे घेतलं नाही मी. नुसतं मनगट हलवायचं, की वळतोय. पान हलत नाहीये आणि हा कसा तरंगतोय बघ! अगं, पतंगाकडे बघ ना, तिकडे काय बघतेस?

लेक : झाडांचे शेंडे. आई, शेंडे हलले. उतरव.

आई : एक वळण घेते फक्त.

लेक : धूळ उठलीय तिकडे! उतरव म्हणतेय ना!

आई : उतरवतेय गं... थांब. ओढतोय. एवढा कसा ओढतोय हा?

लेक : मोडेल आता. आता मोडेल. मोड ना मेल्या, मोड!

आई : काय मोड?

लेक : खालची काडी! वारा वाढला की तीच आधी मोडावी, पतंग मिटावा, ओढ जावी, म्हणून मुद्दाम बारीक घातली होती मी!

आई : मग सांगितलं का नाहीस?

लेक : सांगितलं असतं तर घालू दिली असतीस?

आई : अगं... मी तिच्यात तार घातलीय.

लेक : काय?

आई : मोडक्या छत्रीची. तू अंघोळीला गेलीस तेव्हा. नळी पोकळ, तार बरोब्बर आत बसली. म्हटलं, पोरीने पहिल्यांदा पतंग जोडलाय, चारचौघांत मोडायला नको. माझं हाड तारेवर टिकतंय, तर काडी का नाही टिकणार?

लेक : आई! सोड! सोडून दे दोऱ्या!

आई : दोऱ्यांचे पट्टे मनगटात रुतलेत. आणि सोडून कसं चालेल? समोर बाकांवर माणसं बसलीत, त्यांच्यावर जाऊन आदळेल.

लेक : मला नको सांगूस त्या माणसांचं! तू अशी वाकलीस का? दुखतंय? आई, बोल!

आई : छाती... फाकल्यासारखी वाटतेय.

लेक : पुढे चाल! पतंगाकडे चाल, म्हणजे ओढ कमी होईल. तूच शिकवायचीस ना!

आई : पाय उचलत नाहीत गं.

लेक : मी कमरेला धरलंय. चल. एक. अजून एक.

आई : डावा पट्टा काढून घे माझ्या हातातून.

लेक : मला नाही येत! लहानपणी एकदा पतंग हातून सुटला तेव्हापासून दोरीला हात लावलेला नाही मी.

आई : मी आहे ना सांगायला. घे.

लेक : घेतला. बाप रे! केवढी ओढ ही!

आई : एवढीच माझ्या उजव्या हाताला आहे. आता तुझी दोरी ओढ, मी माझी सैल सोडते. तुझ्या बाजूला, वाऱ्याच्या कडेला गेला की तो लुळा पडेल. हळू. झटका नको देऊस.

लेक : ओढतेय. अशी?

आई : अशीच. ओढत राहा. अजून. बघ, पडला ना ढिला? आता येऊ दे खाली.

लेक : टेकला. आई, टेकला! बस तू. इथेच बस, गवतावर.

आई : ती तार आज काढून टाक.

लेक : काडी मोडेल मग.

आई : मोडू दे. त्यासाठीच आहे ना ती?

लेक : पतंगाचं नंतर बघू. तुझा चेहरा बघ कसा पांढराफटक पडलाय.

आई : घसा कोरडा पडलाय. खोकला येतोय.

लेक : मग खोक ना.

आई : भीती वाटते गं. वाजलं तर? उशी पण घरी राहिली.

लेक : मी धरते. टेक माझ्यावर. दोन्ही हात छातीवर घट्ट ठेवलेत मी. खोक.

आई : झालं. वाजलं?

लेक : नाही.

आई : नक्की?

लेक : नाही वाजलं, आई.

आई : मग हे एवढं धडधडतंय ते काय?

लेक : ती मी. थांब अशीच जरा.