रतिलालभाईंची गुजराती शिकवणी

हसताय काय? डहाणूत कुणाला आपल्याशी गुजरातीत बोलायला लावून दाखवा, मग हसा!

तेव्हा महाराष्ट्र-गुजरात मिळून मुंबई राज्य एकच होतं. मी साताऱ्याहून बदलून आलेला कचेरीतला कारकून. गुजरातीची परीक्षा पास झाल्याशिवाय साहेब मला नोकरीत कायम करेनात. शेजारचे रतिलालभाई घोलवडचे चिकू मुंबईला पाठवायचे, त्यांना मराठी सुधारायचं होतं. ठरलं, रोज अर्धा तास गुजराती, अर्धा तास मराठी.

पण डहाणूची रीतच अशी, की समोरच्याच्या भाषेत बोलायचं. मी विचारायचो, "केम छो?" ते म्हणायचे, "बरा आहे, भाऊसाहेब. चहा घेणार?"

"अहो, गुजरातीत बोला ना!"

"तुम्ही परगावचा माणूस. तुम्हाला कशाला त्रास?"

परीक्षा तोंडावर आली आणि माझं डोकं फिरलं. मी नाही नाही ते बोललो. तेही भडकले आणि अस्सल गुजरातीत अर्धा तास मला झाडलं. वर्षभरात माझी खरी शिकवणी तेवढीच झाली.

दुसऱ्या संध्याकाळी ते स्वतःच दारात हजर. मी कान टवकारले.

"भाऊसाहेब, आज कशावरून भांडायचा?"

आणि तेही मराठीत!