एन्सिओच्या यंत्राचे पंख

एन्सिओ : धर म्हटलं ना! हलवू नकोस. पत्रा वाकडा जोडला गेला तर बर्फ थेट तुझ्या अंगणात जाईल.

ताइस्तो : धरलाय. पण हे विमान उडणार कधी?

एन्सिओ : विमान नाही. बर्फ उडवायचं यंत्र आहे, त्याला दोन्ही बाजूंनी वीतवीत पंख लावतोय.

ताइस्तो : बारा वर्षं पंखांवाचून चाललं की.

एन्सिओ : तेव्हा ट्रॅक्टरची चाकं अरुंद होती.

ताइस्तो : आणि लिलावात स्वस्त मिळाली म्हणून तू ही जंगलात ओंडके ओढणाऱ्या ट्रॅक्टरची रुंद चाकं आणलीस. आता यंत्र मधलाच बर्फ काढतं, आणि चाकं कडेचा बर्फ दाबून त्याची काच करतात. नाकापेक्षा मोती जड!

एन्सिओ : त्याच काचेवरून मंगळवारी टॅक्सी घसरली. खुब्याचं ऑपरेशन झालेली आमची आउने अर्ध्या रस्त्यातून परत इस्पितळात गेली. आज दोन वाजता पुन्हा आणतायत. टॅक्सी दारापर्यंत आली नाही, तर वसंतापर्यंत तिला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवणार. इस्पितळातल्या बाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलंय.

ताइस्तो : तिथलं जेवण बरं असतं म्हणे.

एन्सिओ : ताइस्तो.

ताइस्तो : बरं बरं. पण रस्ता-मंडळाचा अध्यक्ष म्हणून विचारतो, रस्त्याची रुंदी बदलायला ठराव लागतो. घेतलास?

एन्सिओ : पाच घरांचं मंडळ. सभा मार्चमध्ये.

ताइस्तो : तेच म्हणतोय. मार्चमध्ये रुंद कर, नियमाने.

एन्सिओ : मार्चमध्ये बर्फ आपला आपण वितळतो! सरक, ट्रॅक्टर काढतो.

*(थोड्या वेळाने. ट्रॅक्टर रस्त्याच्या टोकाला पोचला आहे.)*

ताइस्तो : थांब! अरे थांब! बंद कर तो ट्रॅक्टर!

एन्सिओ : काय झालं? शेवटपर्यंत आलोच की. बघ तरी, किती मोकळा झाला रस्ता!

ताइस्तो : झाला. चरासकट झाला. काठ्या कुठं आहेत?

एन्सिओ : कुठल्या?

ताइस्तो : ऑक्टोबरात आपण दोघांनी दोन्ही कडांना रोवलेल्या. रस्ता कुठं संपतो आणि चर कुठं सुरू होतो, ते हिवाळ्यात कळावं म्हणून. साठ काठ्या! पंखांनी सगळ्या खाल्ल्या. त्यांचा भुसा माझ्या छपरावर आहे.

एन्सिओ : अरे देवा.

ताइस्तो : यंत्र ट्रॅक्टरच्या मागे, म्हणजे मान मागे वळवून उलटाच चालवत होतास ना?

एन्सिओ : मागेच बघत होतो, पण यंत्राच्या मधोमध. पंख आहेत हे ध्यानातच राहिलं नाही. आता किती वाजले?

ताइस्तो : सव्वा. टॅक्सी चरात गेली तर आउने वृद्धाश्रमात नाही, परत ऑपरेशनच्या टेबलावर जाईल.

एन्सिओ : बोलू नकोस असं. जंगलातून काठ्या तोडून आणतो.

ताइस्तो : पाऊण तासात साठ? माझ्या गोठ्यात चाळीस दांडे आहेत. तयार. टोकदार.

एन्सिओ : कसले?

ताइस्तो : पालिकेच्या निवडणुकीचे. फलकासकट.

एन्सिओ : तुझ्या फोटोचे? ज्यांच्यावर तुला अकरा मतं पडली?

ताइस्तो : हवेत की नकोत?

एन्सिओ : आण. काय लिहिलंय त्यांवर?

ताइस्तो : 'ताइस्तोसोबत सरळ मार्गाने.'

एन्सिओ : आणि पलीकडे चर. आण लवकर! गोठलेल्या जमिनीत तुटक्या काठ्यांचे बुंधे असतील. त्यांच्यापाशी बर्फाचा ढीग करू, ढिगात दांडा.

*(दोन वाजून दहा मिनिटं. टॅक्सी शेवटच्या वळणावर थांबली आहे.)*

आउने : ड्रायव्हर म्हणतो, इथून पुढे येणार नाही. इतके ताइस्तो एकदम हसताना पाहून त्याचा भरवसाच उडाला.

ताइस्तो : मतदारांचंही तसंच झालं असावं.

एन्सिओ : दारापर्यंत यायलाच हवं! बाई म्हणाल्या होत्या, दारापर्यंत!

आउने : बाईंना मी बघून घेते. पन्नास पावलं तर आहेत. माझी चालायची चौकट उतरव.

एन्सिओ : आणि पडलीस तर? तुला परत नेलं तर मी काय करू? रोज सकाळी दोघांची कॉफी करतो, आणि दुसरा कप हातात धरून बसतो. मला नाही जमत एकट्याला, आउने.

आउने : हे फोनवर का नाही बोललास?

एन्सिओ : तिथे बाई ऐकत होत्या.

ताइस्तो : मी तिकडे तोंड करून उभा राहू का?

आउने : राहा. चाळीस तोंडं इकडे आहेतच.

एन्सिओ : चल मग. सावकाश. मी मागे राहतो, घसरलीस तर धरेन.

आउने : लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात या वाटेवर तुझी पाठ बघत चालले. आता तू माझी बघणार? शेजारी ये, एन्सिओ. मावतोय आपण.