उन्हाळ्यातली बारीक कटिंग

नाही, पण तुम्हीच सांगा, उन्हाळ्यात बारीक कटिंग केली, यात माझं काय चुकलं? चाळीस वर्षं मी कटिंगचं दुकान चालवलं, चाळीस उन्हाळे! ऊन तापलं की गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणायचं, "काका, बारीक करा, पार बारीक, डोक्याला जरा वारा लागू दे." आणि मी करायचो, आणि ते डोक्यावरून हात फिरवत खुशीत जायचं. एक माणूस परत आला नाही की काका, माझं डोकं वाळलं! मग गवताचंच काय एवढं?

मी तसा कमी बोलणारा माणूस. दुकानात गिऱ्हाईक बोलायचं, मी हं हं करायचो. पण आज तुम्ही बसलाच आहात, तर ऐकाच.

घरापुढे आमची हिरवळ आहे. आठ-दहा खाटा मावतील एवढीच. पण ती आमच्या हिनं लावलेली, एकेक पुंजका खुपसून, तास न् तास गुडघ्यांवर बसून. दोन वर्षं बसली, आणि गुडघे गेले. आता गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "आजी, सहा आठवड्यांनी रोज सकाळी गवतावर अनवाणी चाला." ही मला म्हणाली, "ऐकलंत ना? गवत सांभाळा." एवढंच सांगितलं, आणि विश्रांतीला गेली लेकीकडे.

तिसऱ्या दिवशी ऊन असं तापलं म्हणता! मला त्या गवताची दया आली हो. म्हटलं, बिचाऱ्याला उकडत असेल. दुकानातलं जुनं झिरो मशीन काढलं, बसलो मांडी घालून, आणि ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत अशी बारीक कटिंग केली, अशी बारीक, की शेवटी सवयीनं मागं आरसा धरणार होतो!

चार दिवसांत सगळं पिवळं. मग तपकिरी. मग दारातलं पायपुसणं कुठलं आणि हिरवळ कुठली, ओळखू येईना. मी घाबरलो. केस गळायला लागले की आपण काय करतो? मालिश! भर दुपारी मूठमूठ खत टाकलं, वर पाणी शिंपडलं, आणि चोळलं. जे काही वाचलं होतं, तेही गेलं... तिचे गुडघे गेले तेव्हा गवत होतं, आणि गुडघे नवे आले तर गवत नाही! आता ही चालणार कुठं? फरशीवर?

शेजारच्या मास्तरीणबाई कुंपणावरून बघत होत्या. तीस वर्षं शाळा घेतलेला आवाज. "काका! हे काय केलंत?" म्हटलं, "कटिंग." "गवताची लांबी म्हणजे त्याची स्वतःची छत्री! ती तुम्ही काढून घेतलीत. मातीवर ऊन पडलं, मुळं भाजली!" आणि फोन काढून फोटोच काढला. मला वाटलं, आता हा फोटो वर्गात लावणार. पण दुसऱ्या दिवशी त्याच बाई पाण्याची लांब नळी घेऊन हजर. "ही घ्या. रोज शिंपडायचं नाही. दोन दिवसांआड, पहाटे, भरपूर. माती बोटभर खोल ओली झाली पाहिजे." भलं होवो त्या बाईचं! कान पिरगाळतात, पण नळी देतात.

मग गेलो रोपंवाल्या मावशींकडे. ह्या मावशी खुरपं हातात घेऊनच बोलतात, त्यामुळे मी लांब उभा. "खत बंद!" खुरपं वर. "तापलेल्या माणसाला कुणी जेवायचा आग्रह करतं का? मेलेलं ओढून काढा. नळाजवळ कडेला हिरवं राहिलंय ना, त्यातले पुंजके काढा आणि वीतवीत अंतरावर लावा. वर बोटभर कुजलेला पालापाचोळा." म्हटलं, "मावशी, आमच्या नळाजवळ हिरवं आहे, हे तुम्हाला कसं माहीत?" तर म्हणाल्या, "सगळ्यांकडे असतंच." भलं होवो त्या मावशींचं! पिशवीभर पालापाचोळा डोक्यावर देऊन पाठवलं.

मेलेलं गवत काढायला हत्यार कुठलं? मोठ्या दातांचा कंगवा! तुम्हाला सांगतो, सारं गवत विंचरून काढलं, मधोमध भांग पडला. मग गुडघ्यांवर बसून एकेक पुंजका खुपसला. दहा पुंजक्यांत माझेच गुडघे करकरायला लागले, तेव्हा कळलं, हिनं दोन वर्षं काय केलं असेल... आणि मी तेव्हा दुकानातून येऊन काय म्हणायचो? "चहा झाला का?"

संध्याकाळी हिचा फोन यायचा. "गवत कसं आहे?" मी म्हणायचो, "मजेत आहे." घाम पुसत म्हणायचो. एकदा मध्येच म्हणाली, "दुकानाची पांढरी कापडं ट्रंकेत पडलीत, जरा ऊन दाखवा त्यांना." बघा, ऑपरेशन झालेली बाई, आणि काळजी कशाची, तर ट्रंकेची! पण ट्रंक उघडली, आणि डोक्यात उजेड पडला. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती बांधायची कापडं ती, सव्वीस होती! काठ्या रोवल्या, कमरेएवढ्या उंचीवर कापडं ताणली, बारा ते चार सावली, खालून वारा मोकळा. रस्त्यानं जाणारे विचारायचे, "काका, दुकान परत उघडलं का? नंबर कितवा?"

आणि एक दिवस, तुम्हाला सांगतो, एका पुंजक्याला कोंब आला. नवजात बाळाच्या डोक्यावर असते ना, तेवढी लव. मी चष्मा पुसून परत बघितलं. होता!

आणि त्याच आठवड्यात, सांगितल्याच्या चार दिवस आधी, भर दुपारी दारात गाडी. लेकीचा हात धरून ही उतरली. समोर सव्वीस कापडं फडफडतायत, खाली मी रांगतोय. म्हटलं, आता लपवण्यात अर्थ नाही. "अगं, माझ्या हातून..."

"झिरो मशीन फिरवलंत."

"तुला कुणी..."

लेक हसायला लागली. "बाबा, फोटो काढला त्याच दिवशी बाईंनी तो आम्हाला पाठवला. आई रात्रभर रडली. सकाळी उठून फोन घेऊन बसली. बाईंना नळी द्यायला तिनंच सांगितलं. मावशींना काय सांगायचं तेही तिनंच."

"आणि कापडं?"

ही म्हणाली, "गवतावर ताणा म्हणून सरळ सांगितलं असतं, तर दुकानाची कापडं म्हणून तुम्ही ती इस्त्री करून परत ठेवली असतीत."

म्हणजे बघा! मी महिनाभर ह्याचं भलं होवो, त्याचं भलं होवो करत होतो, आणि ते सगळं लेकीच्या घरी कॉटवर पडलेल्या एका बाईला पोचत होतं. पोचलं ते बरंच झालं. तोंडावर म्हणायला मला जमलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चप्पल काढून तिनं पाय ठेवला. मध्ये मध्ये टक्कल आहे अजून, ती हिरव्यावरनंच चालली. माझा खांदा धरून अकरा पावलं. म्हटलं, "कसं वाटतंय?" म्हणाली, "गार." बास. तेवढ्यावर मी दिवसभर जेवलो नाही तरी चाललं असतं.

आता गवत चार बोटं वाढलंय. मशीन, कात्री, सगळं ट्रंकेत, आणि ट्रंकेची किल्ली तिच्या कमरेला. काल म्हटलं, "अगं, माझे केस कानावर आलेत, मला तरी दे कात्री." तर माझ्याकडे वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "उन्हाळा संपेपर्यंत राहू द्या. जी चार मुळं उरलीत, त्यांना सावली नको?"