यात्रेच्या आदल्या दिवशी लिनक्स

लॅपटॉपवरचं लिनक्स अपग्रेड करायचं तर यात्रेच्या आदल्या दिवशी करू नका, माझं ऐका. म्या केलं. हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी वायरलेसच्या, हँडसेटमध्ये चॅनेल भरायचं सॉफ्टवेअरच त्यात उडालं. आणि त्याच दुपारी, गर्दीत संपर्काला म्हणून, सहा हँडसेट घेऊन येरमाळ्याच्या यात्रेला निघायचं होतं.

मला हा नाद लावणारे आमचे रिटायर सर म्हणाले, "हातानं भरू की."

"सर, बटनं दाबत कोण बसतंय? दहा मिनिटांत टाकतो."

सॉफ्टवेअर बसवायलाच दोन तास गेले. बसलं, तर म्हणतंय, केबलचा पोर्ट वापरायची तुम्हाला परवानगी नाही. लॅपटॉप माझाच! ती परवानगी मिळेपर्यंत सरांनी बटनं दाबून सहाही हँडसेट भरून ठेवलेले.

मी इरेला पेटलो. "आता बघाच, सर!" म्हणत त्यांचाच एक हँडसेट केबलला लावला आणि बटन दाबलं. गडबडीत कोरी फाईल उघडी राहिलेली. सॉफ्टवेअरनं तीच इमानदारीनं हँडसेटमध्ये उतरवली. सगळे चॅनेल साफ.

सरांनी चष्मा सावरून हँडसेट निरखला अन् म्हणाले, "व्हय, चालतंय की रं तुझं सॉफ्टवेअर."