पानसे साहेबांचा थ्रिलर

पानसे साहेबांनी सांगितलेला सिनेमा आता मी बघणार नाही. का ते ऐका.

साहेब बँकेतले. सहा महिन्यांपूर्वी नागपूरहून बदली होऊन कलकत्त्यात सॉल्ट लेकला आले. पक्के शाकाहारी, आणि बंगाली अजून ऑटोवाल्यापुरतंच. तरी ऑफिसातल्या लोकांबरोबर एक बंगाली सिनेमा बघून आले आणि मला म्हणाले, "चुकवू नका. सायकॉलॉजिकल थ्रिलर आहे. बायको नवऱ्यावर विषप्रयोग करत असते. दोघांनी काय काम केलंय! ती एक शब्द बोलत नाही, नुसतं ताट वाढून समोर बसते. त्याला संशय आलेला. एकेक घास जपून चावतो, तोंडातून काहीतरी काढतो, निरखून बघतो आणि ताटाच्या कडेला ठेवतो. मला तर घाम फुटला."

माझा जन्मच कलकत्त्यातला. रविवारी नवऱ्याला घेऊन गेले. पाहते तर निवृत्त नवरा-बायकोच्या अबोल्याची साधी घरगुती गोष्ट. विषाचा पत्ताच नाही.

तसेच पानशांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, तो इलिश खात होता. त्या माशात बारीक काटे फार. इथे सगळे तसेच जपून खातात."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकल्या.

"तरीच," त्या म्हणाल्या. "हे सिनेमा बघून आले त्या आठवड्यात आमचाही अबोला चालू होता, आणि हे रोज डबा घरी विसरून जायचे."